प्रभामावशींचा कान

“नारळाच्या वड्या,” असे प्रभामावशींनी जाहीर केले, आणि हिरवळीवर एकही टाळी पडली नाही.

फेर जागच्या जागी थबकला होता. मुलींचे हात एकमेकींच्या हातांत तसेच गुंतलेले होते. मधल्या पाटावर खडूने काढलेला हत्ती झेंडूच्या पाकळ्यांत सोंड उंचावून उभा होता. प्रभामावशींचे डोळे अजून मिटलेले होते. डबा उजव्या कानाशी, मान किंचित कललेली, ओठांवर दरवर्षीचे ते मिश्कील, जिंकल्याचे हसू. त्याच तोऱ्यात त्यांनी डबा पुन्हा एकदा हलवला, आणि आतले फुटाणे पत्र्यावर गारांसारखे ताडताड वाजले.

तो आवाज हिरवळीवरच्या प्रत्येकीने ऐकला. वरच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढणाऱ्या बाईनेही वाकून पाहिले. पलीकडच्या मैदानात रामलीलेचा लाउडस्पीकर नुकता कुठे खाकरू लागला होता, त्याच्याही वर तो आवाज उठला. ज्या कानाशी डबा टेकला होता, तेवढ्या कानापर्यंत मात्र तो पोहोचला नव्हता.

डबा वृंदाने भरला होता. फडक्यात बांधून गाठही तिनेच मारली होती. आणि आता, जो क्षण पाहण्यासाठी तिने हे सारे केले होते तो क्षण समोर उभा असताना, तिला त्याच्याकडे पाहवेना.

दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्या सोसायटीत मराठी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बहुतेक सारे सरकारी नोकरीतले. कुणी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये उमेदीची वर्षे काढून यमुनेच्या या बाजूला आलेले. नवरात्रात रोज एकीच्या घरचा भोंडला असे, पण फ्लॅटमध्ये फेर धरायला जागा कुठली, म्हणून सगळ्यांचाच भोंडला खालच्या हिरवळीवर होई. दिल्लीत वाढलेल्या मुलींना गाण्यांतले निम्मे शब्द कळत नसत. त्या शब्दांवरून त्या कवायत केल्यासारख्या पुढे जात. त्यांचे खरे लक्ष असे ते खिरापतीकडे. झाकलेल्या डब्यात काय दडले आहे ते आवाजावरून ओळखायचे. आणि या सोसायटीत ते ओळखण्याचा पहिला मान प्रभामावशींचा होता. अनेकदा शेवटचाही तोच ठरे, कारण त्यांच्यानंतर दुसऱ्या कुणाला ओळखावेच लागत नसे.

प्रभामावशी साळवे मूळच्या नगरच्या. लग्न केलेले नव्हते. तळमजल्यावरच्या लहानशा फ्लॅटमध्ये एकट्याच राहत. रविवारी सकाळी चर्चला आणि नवरात्रात संध्याकाळी भोंडल्याला, दोन्हीकडे त्या सारख्याच कडक इस्त्रीच्या साडीत जात. “माझ्या येशूला हत्तीचं वावडं नाही,” असे त्यांनी एकदा सोसायटीतल्या सुमित्राकाकूंना ऐकवले होते, आणि तेव्हापासून तो विषय कुणी काढला नव्हता. उभे आयुष्य त्यांनी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढले. पलीकडचा माणूस उभ्याने बोलतो आहे की बसून, त्याच्या खोलीत आणखी कुणी आहे की नाही, तो थाप मारतो आहे की काय, हे आपल्याला नुसत्या श्वासावरून उमगायचे असे त्या सांगत. निवृत्तीनंतर तोच कान त्यांनी खिरापतीला लावला. डबा हातात घ्यायचा, डोळे मिटायचे, हलवायचा आणि मग सावकाश सांगायचे, “साटोऱ्या आहेत. पण एक मोडलीय गं, रडतेय बिचारी.” झाकण उघडावे तो साटोऱ्याच, आणि खरोखरच एक मोडलेली. पदार्थ मावशींशी बोलतात याबद्दल लहान मुलींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

“आई, काल चकल्या मावशीला म्हणाल्या, अंदर खूप भीड आहे यार, लवकर बाहेर काढा,” असे वृंदाच्या मुलीने, अहिल्याने, गेल्या नवरात्रात घरी येऊन सांगितले होते.

“अंदर नाही, आत. भीड नाही, गर्दी,” वृंदा म्हणाली होती, आणि वह्या तपासू लागली होती.

ती कॉलेजात साहित्य शिकवत असे. पुण्यात शिकत असताना तिने कविता लिहिल्या होत्या. त्यांत किल्ल्या बोलत, रिकाम्या खुर्च्या कुणाची तरी वाट पाहत, विजेच्या खांबांना रात्री ताप चढे. लग्न होऊन दिल्लीत आल्यावर कविता हळूहळू आटली. तिने त्याचा शोक केला नाही. एखाद्या दूरच्या नातेवाइकाचा पत्ता हरवावा तशी तिने ती हरवू दिली. वर्गात मात्र ती अजूनही सांगे की कविता म्हणजे वस्तूंना परत मिळालेला आवाज. मुले ते वाक्य उतरवून घेत. आणि घरी, पाचसहा वर्षांची असताना अहिल्याने विचारले होते की किल्ली कुलपाच्या कानात काय सांगते, तेव्हा दिवसभराच्या बसच्या धक्क्यांनी शिणलेल्या वृंदाने उत्तर दिले होते, “काही सांगत नाही. ती धातूची असते.” त्यानंतर अहिल्या असले प्रश्न घेऊन तळमजल्यावर जाऊ लागली.

ते वृंदाला सलत होते. सलते हे ती कबूल करीत नसे, एवढेच.

अशात त्या आठवड्यात मीनाक्षीकडचा भोंडला झाला. मीनाक्षीची थोरली मुलगी अलकनंदा हिला साऱ्या मुली नंदाताई म्हणत. शाळेत मात्र दिल्लीतल्या त्याच नावाच्या सरकारी सदनिकांच्या वसाहतीवरून तिला ‘डीडीए फ्लॅट’ म्हणून चिडवत. ती डबा घेऊन मावशींपुढे गेली आणि तो हातात देताना तिचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. वृंदा नेमकी समोर उभी होती. मावशींनी ते ओठ पाहिले, डोळे मिटले, डबा हलवला आणि म्हटले, “करंज्या.” करंज्याच निघाल्या. टाळ्या झाल्या. अहिल्या आनंदाने उड्या मारत होती. वृंदाने टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले.

“त्या बाई आपल्या मुलींना लबाडी शिकवताहेत,” तिने नवऱ्याला, श्यामला, सांगितले. तो मंत्रालयात अधिकारी होता आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्याही गोष्टीची फाइल उघडायला तयार नसे.

“यार वृंदा, भोंडला आहे तो. सीबीआयची रेड नाही.”

“अहिल्याला ती जादू वाटते, श्याम. खरी जादू. उद्या कुणीही डोळे मिटून काहीही सांगेल आणि ही विश्वास ठेवेल.”

“अच्छा. मग तू काय करणार?”

“काही नाही. थोडी गंमत.”

“कुणाची?” असे विचारून, उत्तराची वाट न पाहता, तो दुधाची बरणी घेऊन बूथवर गेला.

वृंदाच्या घरच्या भोंडल्याचा दिवस रविवारी आला. सकाळी तिने आणि अहिल्याने मिळून नारळ खवला. अहिल्याचे बोट खवणीला लागले, तिने ते तोंडात घालून चोखले आणि पुन्हा कामाला लागली. वड्या थापल्या, सुरीने कापल्या. “ह्याच खिरापतीला ना?” तिने विचारले. “ह्याच,” वृंदा म्हणाली. दुपारी अहिल्या परकर-पोलके घालायला आत गेली तेव्हा वृंदाने वड्यांचे ताट दुसऱ्या ताटाने झाकून ओट्याखाली सारले, वर पातेले ठेवले, आणि डब्यात फुटाणे ओतले. मुलींवर अन्याय नको. नंतर वड्याही वाटायच्याच होत्या. सगळे कसे तिने नीट योजले होते. मावशी ओठांवरून वड्या म्हणतील, फुटाणे निघतील, लहान मुलींपुढचा पडदा दूर होईल, आणि मग अहिल्याला जवळ घेऊन शांतपणे समजावता येईल. शिवाय आपली मुलगी ओठ हलवणारच नाही, अशीही एक आशा तिने मनाच्या तळाशी जपली होती.

अहिल्याने ओठ हलवले. डबा मावशींच्या हातात ठेवताना तिने दोनदा, अगदी स्पष्ट, आवाज न काढता सांगितले. मग मावशींनी डोळे मिटून डबा हलवला, फुटाणे वाजले, आणि अहिल्याचा चेहरा वृंदाने पाहिला. मुलीने आधी डब्याकडे पाहिले, मग आईकडे. डबा दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मावशींच्या मिटल्या डोळ्यांपुढे तिचे ओठ पुन्हा हलू लागले, घाईने, जिवाच्या आकांताने: फुटाणे, फुटाणे, फुटाणे. पापण्यांआड काहीच दिसत नसते.

तेव्हा वृंदाला कळले. ओठ का हलत होते ते आता हिरवळीवरच्या थोरल्या बायकांनाही कळत होते. एकीच्या चेहऱ्यावरून दुसरीच्या चेहऱ्यावर ते समजणे सावलीसारखे सरकत गेले. लबाडीचा विचार वृंदाने किती बाजूंनी केला होता. बहिरेपणाचा एकदाही केला नव्हता.

“अगं प्रभा, वड्या कधी अशा वाजतात का?” सुमित्राकाकू बोलून गेल्या. “कान आहेत की—” आणि मग स्वतःच्याच वाक्याने दचकून त्यांनी पदर तोंडाशी नेला.

प्रभामावशींनी डोळे उघडले. टाळ्या ऐकू आल्या नव्हत्या, पण त्या आता दिसतही नव्हत्या. त्यांनी एकेक चेहरा पाहिला. डबा कानापासून खाली आला. रिकामा झालेला हात तिथेच, कानाच्या पाळीवर, क्षणभर विसरल्यासारखा राहिला. त्यांच्या गळ्याशी लाली चढत होती; आयुष्यभर दुसऱ्यांचे बोलणे चोरून ऐकण्याचा ज्यांना परवाना होता, त्या बाई आता आपली चोरी पकडली गेल्यासारख्या उभ्या होत्या.

काहीतरी बोलायला हवे होते. डबा वृंदाचा होता, घर तिचे होते, शब्दही तिचेच असायला हवे होते. तिने तोंड उघडले. सगळ्या कविता, सगळी व्याख्याने, सगळी वर्षे धुंडाळूनही तिच्या हाती एक वाक्य लागेना.

अहिल्या फेरातून निसटली आणि जिन्याकडे धावली. तिच्या परकराचा काठ पायरीला अडकला, तिने तो ओढून सोडवला. कुणीतरी “अगं, कुठे चाललीस?” म्हणाले. एक चिमुरडी मावशींना सांगू लागली, “मावशी, फुटाणे आहेत ह्याच्यात, फुटाणे!” आणि तिच्या आईने तिला मागे ओढले. सप्तपर्णीचा उग्र वास संध्याकाळच्या हवेत दाटून आला होता. वृंदाला वाटले, आपल्याला तो आयुष्यभर आवडणार नाही.

अहिल्या परत आली ती दोन्ही हातांत ताट धरून. धापा टाकत तिने ते पाटावर, हत्तीच्या पायांपाशी ठेवले.

“आईने डबाच चुकवला!” ती ओरडली. “वड्या वर राहिल्या किचनमध्ये! हा दुसराच डबा आहे! खिरापत तर वड्याच आहे, बघा ना! मावशीला वरच्या वड्या ऐकू आल्या!”

अलकनंदा क्षणभरच गोंधळली. मग तिने अहिल्याच्या डोळ्यांत पाहिले आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. “बाप रे! भिंतीतून? जिन्यावरून? मावशी, इथून?”

लहान मुलींनी एकच गिल्ला केला. कुणी वर खिडकीकडे बोट दाखवू लागली, कुणी अंतर पावलांनी मोजायला निघाली. एकीने जाऊन भिंतीला कान लावला. पाहता पाहता साऱ्या हिरवळीवर एक नवीन गोष्ट उभी राहिली, आधीच्या गोष्टीहून कितीतरी मोठी. नऊ वर्षांच्या एका मुलीने ती जिना चढून उतरण्याच्या अवधीत रचली होती.

“काय गं वृंदा?” सुमित्राकाकूंनी विचारले. त्यांचा आवाज गोड होता, नजर नव्हती. “डबा चुकला तुझा?”

अहिल्या आईकडे पाहत होती. साऱ्याच पाहत होत्या.

“हो,” वृंदा म्हणाली. “चुकला.”

तिच्या आयुष्यातले हे बहुधा पहिलेच खोटे होते, ज्यातला शब्द न् शब्द खरा होता.

प्रभामावशींना एवढ्या गलक्यातले किती कळले कोण जाणे. पण ताट त्यांना दिसत होते आणि अहिल्याचे ओठ दिसत होते. त्या ताठ झाल्या. साडीचा पदर त्यांनी खांद्यावर सारखा केला.

“काय सांगू तुम्हाला,” त्या मुलींना म्हणाल्या, “त्या वरच्या वड्या इतक्या मोठ्यांदा हाका मारत होत्या, की ह्या फुटाण्यांचं मला मेलं काही ऐकूच आलं नाही.”

मुली खदखदून हसल्या. मीनाक्षीने वड्या वाटायला घेतल्या आणि फेर मोडला. मावशींनी एक वडी घेतली, लहानसा घास खाल्ला आणि डबा परत द्यायला वृंदाजवळ आल्या.

“खोबरं छान ओलं आहे. तुझ्या हातचं?”

“अहिल्याने खवलं,” वृंदा म्हणाली; आणि मग लक्षात येऊन, ओठ नीट उघडून, पुन्हा एकदा म्हणाली, “अहिल्याने.”

तिने असे सावकाश बोललेले मावशींनी पाहिले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. वाकून त्या बोलल्या. त्यांना वाटत होते की आपण अगदी हळू बोलतो आहोत, पण ते शेजारी उभ्या असलेल्या बायकांनाही ऐकू गेले. “आधी मला एकटीला विचारलं असतंस, तर मी आलेच नसते गं.”

“मावशी, मी… तसं नव्हतं मनात…”

पण मावशी तोवर वळून एका चिमुरडीची सुटलेली वेणी बांधू लागल्या होत्या, आणि वृंदाचे वाक्य त्यांच्या पाठीला लागून खाली पडले.

वर आल्यावर वृंदाने दिवा लावला. श्याम हॉलमध्ये बातम्या ऐकत होता, त्याने “झाला भोंडला?” असे विचारले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून टीव्हीचा आवाज कमी केला. स्वयंपाकघरात अहिल्या एका वाटीत वड्या भरत होती. चांगल्या, कडा न मोडलेल्या वड्या ती निवडून घेत होती.

“कधीपासून सांगता तुम्ही तिला?” वृंदाने विचारले.

“गेल्या वर्षीपासून.” अहिल्याने मान वर केली नाही. “नंदाताईच्या घरी मावशीने डबा खूप वेळ हलवला. काही बोलेचना. परत परत कानाला लावला. मग नंदाताईने असं केलं ओठांनी. मग आम्ही मोठ्या मुलींनी ठरवलं.”

“तिने सांगायला सांगितलं?”

“नाही! बिल्कुल नाही. ती फक्त बघते. मग डोळे बंद करते, आणि बाकीचं सगळं तीच सांगते ना. मोडलेलं, रडणारं, ते सगळं. ते आम्ही कुठे सांगतो?”

नळाचा थेंब ओट्यावरच्या भांड्यात पडत होता. वृंदाने तो घट्ट बंद केला.

“मला का नाही सांगितलंस, अहिल्या?”

“तू म्हणाली असतीस, जादू नसते.” तक्रार नव्हती त्या आवाजात. घरात एखादी वस्तू कुठे ठेवतात हे सांगावे तसे तिने सांगितले.

अजूनही एक पळवाट उघडी होती. घाईत झाले गं, वड्या भरायच्या राहिल्या, फुटाण्यांचाच डबा उचलला, मला खरेच कळले नाही. ते शब्द वृंदाच्या जिभेपर्यंत आले. हिरवळीवर हवा होता तेव्हा एकही शब्द आला नव्हता, आणि आता स्वतःसाठी ते न बोलावता, रांगेने येत होते. त्याचीच तिला सर्वांत जास्त लाज वाटली.

“डबा चुकला नव्हता,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“कधी कळलं?”

“इथे आल्यावर. ताट दिसेचना. मग खाली बघितलं तर तू वरती पातेलं ठेवलं होतंस.” अहिल्याने वाटीवर झाकण ठेवले. ते नीट बसेना; तिने ते फिरवून पुन्हा बसवले. “खाली पहिल्यांदा वाजलं ना, तेव्हा फुटाणे आहेत हेही नव्हतं कळलं. मी ऐकलं, पण मला वाटलं वड्याच असतील. आई म्हणाली होती ना. मला वाटलं, कडक झाल्या असतील.”

वृंदाने ओट्याची कड धरली. बाहेर रामलीला सुरू झाली होती. कुणीतरी कुणाला मोठ्याने आव्हान देत होते आणि गर्दी हसत होती. समोरच्या मुलीच्या बोटावर सकाळची खवणीची जखम लाल दिसत होती. तिला फुंकर घालावी, पट्टी लावावी, असे वृंदाला वाटले. पण आपला हात पुढे गेला तर तो मागे सारला जाईल की नाही, हे तिला आता सांगता आले नसते. सकाळी सांगता आले असते.

अहिल्या वाटी घेऊन दाराशी गेली. भिंतीला एक हात टेकून तिने चपला पायांत सरकवल्या.

“मावशीकडे?”

अहिल्याने मान डोलावली.

“मी येऊ का तुझ्याबरोबर?” वृंदाने विचारले. तिला ऐकू जाईल न जाईल इतक्या हळू विचारले, म्हणून मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने विचारले. “अहिल्या, मी येऊ?”

अहिल्या उंबऱ्यावर थांबली. वाटी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मग ती बाहेर पडली, आणि कठड्याला न धरता, एकेक पायरी सांभाळत, खाली उतरत गेली.